सेन्सर बदलण्याआधी थांबा!

गणपतीला गावी जायचंय. घरची पेट्रोल-सीएनजी व्हॅन खचाखच भरणार, आणि नेमकी ती चढावर झटके खायला लागलीय. पिकअप नाही, अ‍ॅव्हरेज घसरलंय, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलाय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो आणि निकाल येतो, 'ऑक्सिजन सेन्सरचा कोड आहे, सेन्सर बदलावा लागेल.' खर्च काही हजारांत. घरचे तुमच्याकडे बघतात, कारण घरातले 'टेक्निकल' तुम्हीच! अशा वेळी मान डोलवायची की दोन प्रश्न विचारायचे?

प्रश्नच विचारा. कारण कोड म्हणजे तक्रार असते, निदान नव्हे.

सेन्सर करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, हे हा सेन्सर सांगतो. पेट्रोल नीट जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. नेहमीच्या झिरकोनिया सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होत असतो. कमी व्होल्टेज म्हणजे ऑक्सिजन जास्त, पेट्रोल कमी. ते वाचून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल कमी-जास्त करतो.

आता गंमत बघा. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तिथली हवा न जळता तशीच सायलेन्सरकडे जाते. यालाच गॅरेजच्या भाषेत 'गाडी मिसिंग मारतेय' म्हणतात. सेन्सरला एकदम भरपूर ऑक्सिजन दिसतो आणि तो ओरडतो, 'पेट्रोल कमी पडतंय!' ईसीयू बिचारा आणखी पेट्रोल ओततो. सेन्सर खरं तेच सांगत होता, पण शिक्षा त्यालाच! सायलेन्सरचा पाइप सेन्सरच्या आधी कुठे फुटला असेल, तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असंच होतं.

कोड कसा वाचायचा?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो, बाकी काम मोबाइलवरचं अ‍ॅप करतं. चार सिलिंडरच्या गाडीत हे कोड ओळखीचे करून घ्या :

- पी०३०० : मिसिंग आहे, पण ठरावीक एका सिलिंडरचं नाही
- पी०३०१ ते पी०३०४ : शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर
- पी०१७१ : पेट्रोल कमी, हवा जास्त
- पी०१३३ : पुढचा सेन्सर हळू प्रतिसाद देतोय
- पी०१३५ : पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट

शेवटचा कोड एकटाच आला, तर संशय खरंच सेन्सरवर, त्याच्या वायरवर किंवा फ्यूजवर घ्यायचा. पण सोबत पी०३०२ सारखा कोड असेल, तर आधी मिसिंग शोधायचं. कोड पुसण्याआधी 'फ्रीझ फ्रेम'चा स्क्रीनशॉट काढायला विसरू नका. कोड आला तेव्हा वेग, आरपीएम, तापमान किती होतं, ते त्यात असतं.

अदलाबदलीची युक्ती

समजा, पी०३०२ आलाय आणि गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे. इंजिन बंद करून गार होऊ द्या. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. कोड पुसा, चक्कर मारून या. आता पी०३०३ आला? कॉइलच खराब! दोनवरच राहिला? मग हेच स्पार्क प्लगचं करून बघा. तरीही दोनच? मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन, आणि हे काम मात्र मेकॅनिककडे.

सीएनजी गाडीत आणखी एक सोपी चाचणी आहे. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर गाडी एकदम मस्त? गॅस पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल आधी गॅसवरच उघडी पडते. ती ठीक निघाली, तर गॅसचा फिल्टर आणि इंजेक्टर तपासायला सांगा.

मिसिंग नसेल आणि फक्त पी०१७१ असेल, तर अ‍ॅपमध्ये 'फ्युएल ट्रिम' बघा. आयडलिंगला आकडा खूप वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर बहुतेक एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलाय. पाइप बदलायचा, सेन्सर नाही.

दिवा लुकलुकला तर

इंजिनाचा दिवा स्थिर असेल, तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल, तर 'पोहोचू कसंतरी' म्हणू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते. तो बदलणं सेन्सरपेक्षा कितीतरी महाग पडतं. रेस सोडा, सुरक्षित जागी गाडी थांबवा, मेकॅनिकला बोलवा.

आणि हो, गॅरेजमध्ये जाऊन 'मला सगळं कळतं'चा आव आणू नका. स्क्रीनशॉट दाखवा आणि विचारा, 'काका, मिसिंगचा कोडपण आहे. आधी प्लग-कॉइल बघूया का?' चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं. आणि जो उत्तर द्यायचंच टाळतो, तिथे पैसे मोजण्याआधी दुसरं गॅरेज गाठा.