विसरण्याची परीक्षा

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांना सकाळची गोळी घेतली कीं राहिली, हें दुपारीं आठवत नाहीं. घरांतील मंडळी म्हणतात, ‘यांचें लक्षच नसतें.’ त्यांना एच. आय. व्ही.ची बाधा आहे. मग हा दोष स्वभावाचा, वयाचा, कीं रोगाचा? मी वैद्य नव्हें. गारगोटीस जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतलेला मास्तर आहें. परंतु या प्रश्नाची एक बाजू परीक्षेचीच आहे, म्हणून बोलण्याचें धाडस करतों.

हा विषाणु शरीरांत शिरल्यावर थोड्याच आठवड्यांत मेंदूपर्यंत पोंचतो. विचाराचें काम करणाऱ्या मज्जापेशींत तो सहसा शिरत नाहीं. रक्तांतील पांढऱ्या पेशींबरोबर तो आंत येतो व मेंदूच्या राखणदार पेशींत बिऱ्हाड करतो. या पेशींतून सुटणारीं दाहक द्रव्यें शेजारच्या मज्जापेशींना दुर्बळ करतात. चोर घरांत शिरावा आणि राखणदारानेंच भांडीं फोडावींत, तसा हा प्रकार. माणूस बोलणें विसरत नाहीं. पण विचाराची गति मंदावते, चित्त ठरत नाहीं, दोन कामें एकदम जमत नाहींत. १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति आली, तेव्हांपासून पूर्वीचा भयंकर बुद्धिभ्रंश विरळ झाला. सौम्य विकार मात्र उरला आहे.

आपल्या देशांत या विषाणूचा ‘सी’ नांवाचा उपप्रकार आढळतो. पाश्चात्त्य देशांत मुख्यतः ‘बी’. ‘सी’च्या टॅट नांवाच्या प्रथिनांत ३१ व्या जागचा घटक निराळा असतो व त्यामुळें पांढऱ्या पेशींना बोलावून घेण्याची त्याची शक्ति उणी पडते, असें उदयकुमार रंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बंगळूरास २००४ सालीं दाखविलें. तेव्हां आपल्या रोग्यांचे मेंदू सुरक्षित आहेत, अशी आशा वाटण्याजोगी होती. पण तपासणींत आपल्याकडील रोग्यांतही हे दोष दिसून आले.

आतां तपासणी कशी करावी? अमेरिकेंतील पदवीधरासाठीं बसविलेला गुणांक सातवी शिकलेल्या मराठी बाईस लावला, तर निरोगी बाईही नापास होईल! मीं स्वतः एका मुलाला मंद ठरविलें होतें. त्याला ऐकूं कमी येत होतें, हें वर्षानंतर कळलें. ती चूक मला अजून बोंचते. पुण्यास ही काळजी घेतली गेली. भोसरीस १९९२ सालीं निघालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या व कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनीं पुण्यांतील निरोगी माणसांचीही तपासणी केली. मराठी व हिंदी या दोन्ही भाषा येण्यानें अशा परीक्षेंत काय फरक पडतो, यावरचा त्यांचा निबंध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. वय, शिक्षण आणि भाषा जुळल्यावांचून कोणाच्या बुद्धीवर शेरा मारतां येत नाहीं, ही गोष्ट शाळाखात्याला कळावयास बराच काळ लागला होता!

औषध नियमानें चालू राहिलें तर पुष्कळांची बुद्धि सुधारते. आणि विसरणाऱ्याच्याच हातून औषध चुकतें, हा खरा पेंच आहे. शिवाय खिन्नता, मद्य, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेंही असेंच विसरणें येतें, तीं कारणें आधीं तपासावीं लागतात. त्या गृहस्थांना मीं हें सर्व डॉक्टरांस सांगावयास लावलें. त्यांच्या पत्नीनें सात खणांची एक डबी आणली आहे. रोज रात्रीं त्या दिवसाचा खण रिकामा झाला कीं नाहीं, तें ती पाहते.