चिरा, रापण आणि लोखंडी बार

मालवणजवळच्या धामापूरचा तलाव 1530 सालचा. बांध घालून असा तलाव करायला लागते ती अंगमेहनत या पंचक्रोशीला आजही परकी नाही. जांभ्याच्या खाणीवर पंचवीस-तीस किलोंचे चिरे दिवसभर उचलणारे हात इथे आहेत, मालवण किनाऱ्यावर रापणीचा दोर मागे मागे सरकत ओढणारे गडी आहेत. ज्या मुलखात कष्टच एवढे, तिथल्या कबड्डीपटूने वेगळी वजने कशासाठी उचलावीत, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. माझे उत्तर असे की, कष्टाने ताकद येते, झपाटा येत नाही. आणि मैदानावर निकाल बहुतेक वेळा झपाटा लावतो.

चिरे वाहणाऱ्याला संध्याकाळपर्यंत टिकायचे असते. पुढचे शंभर चिरे डोळ्यांपुढे असताना पहिल्याच चिऱ्याला सगळा जोर लावणे परवडत नाही, म्हणून त्याचे शरीर काटकसर शिकते. चढाईपटूची गरज नेमकी उलटी. तीस सेकंदांच्या चढाईत खरा सामना क्षणाचा असतो: कोपऱ्यातल्या गड्याने चवडा धरला की, बाकीचे अंगावर येण्याआधी मध्यरेषा गाठायची. स्नायूला आपला पूर्ण जोर लावायला साधारण 0.3 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. वेगाने धावताना पाऊल जमिनीवर टेकते जेमतेम 0.1 सेकंद. तेव्हा एकूण ताकद किती, यापेक्षा त्या निमिषात तिच्यातली किती हाती येते, हे महत्त्वाचे. वेटलिफ्टिंगमधले स्नॅच आणि क्लीन हे प्रकार इथेच उपयोगी पडतात. बार जमिनीवरून सुटतो तो सबुरीने, पाठ ताठ ठेवून. गुडघे ओलांडून मांडीपाशी आला की घोटा, गुडघा आणि कंबर एकदम सरळ होतात, टाचा उचलल्या जातात, बार क्षणभर जणू बिनवजनी होतो आणि उचलणारा त्याच्याखाली शिरतो. ही दुसरी ओढ रेंगाळत करताच येत नाही. अमेरिकन अभ्यासक जॉन गारहॅमर यांच्या मोजमापांत या दुसऱ्या ओढीत शरीराच्या दर किलोमागे सुमारे 52 वॅट शक्ती दिसली. जड बैठकीत किंवा डेडलिफ्टमध्ये ती 12 वॅटच्या आसपास. चिऱ्यात आणि बारमध्ये फरक आहे तो हाच.

याचा खेळात उपयोग किती? 2016 साली हॅकेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले. वेटलिफ्टिंग केलेल्या खेळाडूंची उभी उडी, ते न करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 7.7 टक्क्यांनी वाढली होती. मात्र नुसत्या उड्यांच्या सरावानेही जवळपास तेवढाच फायदा होतो, असेही त्याच आढाव्यात दिसले. हे लपवू नये. बार हा एकमेव मार्ग नाही. पण ताकद आणि घाई एकाच हालचालीत शिकवणारा, शिवाय पाव-अर्ध्या किलोच्या हिशेबाने प्रगती मोजू देणारा मार्ग तो नक्कीच आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंनीही त्याकडे पाठ फिरवू नये. 1999 साली फिनलंडमध्ये पाव्होलाइनेन यांनी धावपटूंच्या सरावाचा सुमारे तिसरा हिस्सा काढून तिथे उड्या, छोट्या धावा आणि हलक्या वजनाचे वेगवान व्यायाम घातले. नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरची वेळ सुधारली, तीही प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता न वाढता.

आखाड्याचा अभिमान असणारे म्हणतील, जोर-बैठका काय कमी होत्या? कमी नव्हत्या. पण करेला, मुद्गल, नाल ही वजनेही आपल्याच आखाड्यातली. पुढे बैठकांच्या आकड्याला मान आला आणि वाढत्या वजनाचा धागा सैल झाला, असे मला वाटते. दुखापतीची भीती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. सांगलीचा संकेत सरगर 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्यपदकाचा मानकरी ठरला. 139 किलो पेलताना त्याचे कोपर दुखावले आणि सुवर्ण एका किलोने हुकले. पण ती स्पर्धेतली कमाल उचल होती. सरावाच्या वजनांना तो न्याय लावणे बरोबर नाही. 2014 साली लाउरसेन आणि सहकाऱ्यांनी 26 हजारांहून अधिक लोकांवरचे प्रयोग तपासले, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्याचे दिसले. मुलांची उंची खुंटते ही समजूतही, देखरेख नीट असेल तर, पुराव्यावर टिकत नाही. आणि पुरुषांच्या राष्ट्रीय कबड्डीत 85 किलोंची मर्यादा असल्याने अंग वाढण्याची धास्ती असणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, सुरुवातीची बरीचशी प्रगती मज्जासंस्था स्नायूंना अधिक चटकन कामाला जुंपते, त्यातून येते.

अडचण खरी आहे ती जाणत्या प्रशिक्षकाची. चुकीची ओढ शिकण्यापेक्षा न शिकलेली बरी. म्हणून पहिले काही आठवडे बांबूची काठीच पुरे, मग रिकामा बार: पुरुषांचा 20 किलोंचा, महिलांचा 15 किलोंचा. बार झेलणे जमत नसेल, तर मांडीपासूनची ओढ तेवढी करावी. झपाट्याचा मोठा भाग तिथेच असतो. कोकणाला यासाठी ऋतूही सोयीचा आहे. पावसात मैदान चिखलाचे होते, तेव्हा छपराखाली आठवड्यातून तीन दिवस बार धरता येतो. लावणीच्या दिवसांत मात्र कंबर आधीच वाकून दमलेली असते. त्या पंधरवड्यात वजन उतरवावे किंवा सुट्टीच घ्यावी. भातकापणी उरकून कबड्डीचे सामने सुरू झाले की आठवड्यातून एकदा-दोनदा, थोड्याच पण वेगवान उचली, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी बार भिंतीला टेकलेला.