रायफल सर्वांत शेवटी घ्या

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून मुलाला नेमबाजीला घालू पाहणारे पालक पहिला प्रश्न विचारतात तो रायफलीच्या किमतीचा. माझ्या मते तो प्रश्न वर्षभर बाजूला ठेवावा.

स्वप्नीलचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा. त्यातल्या पॉइंट टू-टू रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. नवशिक्याची सुरुवात होते ती १० मीटर एअर रायफलने. तिच्यात दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. लक्ष्यावरचा काळा गोल जेमतेम तीन सेंटिमीटरचा आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दुर्बीण लावता येत नाही. मागच्या बारीक छिद्रातून पाहायचं, पुढच्या कड्यात तो काळा गोल बरोबर मध्यावर आणायचा आणि ट्रिगर दाबायचा. स्पर्धेत असे ६० नेम ७५ मिनिटांत मारायचे असतात.

ऐकताना हा डोळ्यांचा खेळ वाटतो, पण मुळात तो उभं राहण्याचा आहे. उजव्या हाताचा नेमबाज डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि रायफलीचा भार हाडांवरून थेट पायांत उतरवतो. स्नायूंनी पेलायला गेलं की थरथर सुरू होते. मग श्वास अर्धा सोडून थांबायचं, ट्रिगर हळूहळू दाबायचा आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. छर्रा सुटून गेला असं वाटतं तेव्हा तो अजून नळीतच असतो आणि तेवढ्यात खांदा हलला तर दहाचा आठ होतो. म्हणून चांगले प्रशिक्षक सुरुवातीला छर्रा न भरताच सराव करून घेतात. या ड्राय प्रॅक्टिसला एक पैसा लागत नाही आणि पुढची सगळी प्रगती तिच्यावर उभी राहते. कंटाळवाणी म्हणून ती टाळू नका.

तेव्हा आधी रेंज शोधा. पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आहे, पनवेलला ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, कोल्हापूरला तर नेमबाजीची परंपराच आहे. क्लबची रायफल वापरायला मिळते का, दिवसाला किती वेळ मिळते आणि मासिक फीमध्ये छर्रे धरले आहेत का, हे तीन प्रश्न प्रवेशाआधीच विचारा. मुलाला पहिल्या दिवशी सुरक्षेचे नियम सांगितले जातात की नाही, तेही पाहा. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे, आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.

पहिली खरेदी जॅकेटची. रायफल चौघांत फिरू शकते, जॅकेट मात्र ज्याच्या त्याच्या मापाचंच हवं. जाड कॅनव्हासचं हे जॅकेट पाठीला आधार देतं. त्याची जाडी आणि ताठपणा किती असावा याचे नियम आहेत आणि स्पर्धेत तपासणी होते. भारतीय बनावटीची जॅकेट-पँट साधारण दहा हजारांपासून पुढे मिळते. मूल वाढत्या वयाचं असेल तर मोठ्या खेळाडूंनी बाजूला ठेवलेली जॅकेटं विचारा. ती दीडेक वर्षात आखूड होणारच. हातमोजा आणि सपाट तळाचे बूट नंतर घेतले तरी चालतं.

खरा खर्च छर्ऱ्यांचा, आणि तोच कुणी हिशेबात धरत नाही. डब्यात बहुधा ५०० छर्रे असतात. आठवड्यातले पाच दिवस रोज ८० नेम धरले तर वर्षाला साधारण २०,००० छर्रे, म्हणजे ४० डबे लागतात. डबा हजार रुपयांचा धरला तरी ४०,००० होतात, आणि हा खर्च दरवर्षीचा. सरावाला स्वस्त छर्रे वापरून महागडे स्पर्धेसाठी राखून ठेवले तर बराच फरक पडतो.

राहिली रायफल. जत्रेत असते तशी स्प्रिंगची बंदूक स्वस्त म्हणून घेऊ नका. तिच्या झटक्याने शरीराला चुकीची सवय लागते आणि ती मोडायला पुढे महिने जातात. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. ती घ्यायची वेळ छर्ऱ्यांचे ठसे सांगतात. ते लक्ष्यावर सतत एकाच जागी दाटीने पडू लागले की मूल स्थिरावलं असं समजा. मग प्रशिक्षकाला सोबत नेऊन बट, गालाचा टेकू आणि वजन त्याच्या अंगाला जुळवून घ्या. जुनी रायफल घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते आणि वापराची मुदत सहसा दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, वापरायला धोक्याचाही असतो. तेव्हा नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच भावाचं बोला.