चांदिपुरा विषाणू आणि देहाची संरक्षणव्यवस्था

१९६५ साली नागपूर येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा काढलेला चांदिपुरा विषाणू आर.एन.ए. वर्गातील होय. वाळुमाशी ही त्याची मुख्य वाहक. २००३ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील उद्रेकात मेंदूज्वराच्या ३२९ बालरुग्णांपैकी १८३ दगावले. त्यात ग्रासलेला करीमनगर जिल्हा गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यास लागूनच होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशास हा विषय परका नाही.

विषाणू शिरताच पेशी प्रथम इंटरफेरॉन निर्माण करून शेजारच्या पेशींस सावध करते. प्रतिपिंडे मागाहून, काही दिवसांनी येतात. चांदिपुराच्याच कुळातील, गुरांच्या तोंडास फोड आणणाऱ्या विषाणूचे एक प्रथिन पेशीकेंद्रातून संदेशवाही आर.एन.ए. बाहेर पडण्याची वाटच रोखते. ('संदेश' हे भाषेतील रूपक येथे शास्त्रानेच स्वीकारले आहे.) इंटरफेरॉनचा संदेश लिहिला जाऊनही मग केंद्राबाहेर पोचत नाही.

चांदिपुराच्या मेंदूज्वरात मूल कित्येकदा एकदोन दिवसांतच दगावते. प्रतिपिंडे घडण्यास तेवढा अवधीच मिळत नाही. म्हणून प्रतिपिंडांची चाचणी नकारार्थी आली, एवढ्यावरून विषाणू नव्हताच असे अनुमान काढणे सर्वथा चुकीचे होय. विषाणूचे आर.एन.ए.च शोधावे लागते, आणि त्यासाठी नमुना आजाराच्या आरंभीच घेऊन, थंड राखून प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात वारंवार तुटत आलेल्या भामरागडसारख्या तालुक्यात नेमके हेच दुष्कर ठरते.