विश्रांतीची आसने : आधार कशासाठी?

लोड, घडी केलेले ब्लँकेट, पट्टा, लाकडी ठोकळा किंवा खुर्ची यांच्या आधाराने एकेका आसनात ५ ते २० मिनिटे स्थिर राहणे, ही विश्रांतीप्रधान योगाची पद्धत. १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी आजारी आणि वयस्क साधकांसाठी ही साधने पद्धतशीरपणे वापरात आणली. त्यांच्याकडे शिकलेल्या अमेरिकेतील ज्युडिथ लॅसेटर यांचे या पद्धतीवरचे पुस्तक १९९५ मध्ये आले.

नुसते पडून राहणे हा योग कसा, असा आक्षेप घेतला जातो. पण पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिके’तही शवासन आसनांतच मोडते, थकवा घालवणारे म्हणून. शिवाय आधार ही इथे सवलत नसून तंत्राचा गाभाच आहे. सुप्त बद्धकोनासनात, म्हणजे उताणे झोपून तळपाय जुळवलेल्या स्थितीत, गुडघ्यांखाली उशी नसेल, तर मांड्यांच्या आतले स्नायू ताणलेले राहतात आणि शरीर पूर्ण सैलावत नाही. अस्थिबंध-सांध्यांवर मुद्दाम ताण देणाऱ्या यिन योगाहून हा प्रकार वेगळा ठरतो तो इथेच. श्वास संथ आणि उच्छ्वास लांब झाला की शरीर शांत करणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढतो, हृदयाची गती उतरते. मात्र काही काळजी हवी : काचबिंदू असल्यास विपरीत करणी (पाय वर भिंतीला टेकवून झोपणे) टाळावी. गरोदरपणाच्या उत्तरार्धात शवासन उताणे न करता डाव्या कुशीवर करावे.