ई-इंकचा रंग फिकाच असतो

रंगीत ई-रीडर पहिल्यांदा हातात घेणारा माणूस दोन पानं उलटतो आणि म्हणतो, "जरा ब्राइटनेस वाढव ना." वाढवला तरी त्याचं समाधान होत नाही. त्याला वाटतं, यंत्र बिघडलंय किंवा दुकानदाराने गंडवलंय. खरं तर दोन्ही नसतं. मोबाइलला सरावलेले डोळे ई-इंकलाही मोबाइलच्याच मापाने मोजतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

"एवढे पैसे मोजून रंग टॅब्लेटसारखे का नाहीत?"

साध्या ई-इंक पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण तरंगत असतात. विजेचा दाब बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाला जातात. पान एकदा उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, आणि शाई भरावीही लागत नाही (हे विचारणारे भेटतात, म्हणून सांगितलं). १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेल्या मंडळींनी ई-इंक ही कंपनी काढली. २००९ मध्ये ती एका तैवानी कंपनीने विकत घेतली.

आज मिळणाऱ्या बहुतेक रंगीत रीडरमध्ये, म्हणजे कोबो लिब्रा कलर, किंडल कलरसॉफ्ट किंवा बूक्सच्या यंत्रांमध्ये, शाई हीच असते, काळी-पांढरी. तिच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांची पारदर्शक जाळी बसवलेली असते. या तंत्राला कॅलिडो म्हणतात. खालच्या शाईला करड्याच्या १६ छटा येतात, वरचे रंग तीन. १६ गुणिले १६ गुणिले १६, झाले ४,०९६ रंग. मोबाइलच्या पडद्याचा हाच हिशेब १ कोटी ६७ लाखांवर जातो. शिवाय प्रकाश जाळीतून आत जाताना एकदा गाळला जातो आणि परतताना पुन्हा एकदा. मग रंग उरतो तो रविवारच्या पुरवणीतल्या छापील रंगासारखा. पण हेच यंत्र दुपारी गच्चीत उन्हात नेऊन बघा. मोबाइल जिथे आरसा होतो, तिथे याचे रंग सगळ्यात छान दिसतात.

"खोक्यावर ३०० पीपीआय लिहिलंय की!"

लिहिलेलं खोटं नसतं, अर्धवट असतं. कॅलिडो ३ मध्ये काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, रंगीत चित्र मात्र १५० ठिपक्यांनी. उभं निम्मं आणि आडवंही निम्मं, म्हणजे एकूण ठिपके चौथाईच. मुखपृष्ठ आणि ठळक रंगांची चित्रकथा यावर चांगली दिसते. भूगोलाच्या नकाशातली बारीक रंगीत नावं वाचताना डोळे बारीक करावे लागतात.

"रंगीत घेतलं की काळं-पांढरं त्यात आलंच"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. कादंबरी वाचताना रंग नसला तरी जाळी कुठे जात नाही, ती पडद्यावर असतेच. त्यामुळे पानाचा पांढरा रंग करडा दिसतो आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली साधा रीडर दिव्याशिवाय वाचता येतो, तिथे रंगीत रीडरचा स्वतःचा दिवा, म्हणजे फ्रंटलाइट, लावावा लागतो, आणि बॅटरी तिथेच खर्च होते. तुमचं नव्वद टक्के वाचन कादंबऱ्या, चरित्रं आणि लेखांचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: काळं-पांढरं घ्या. पिवळ्या-गुलाबी रंगात अधोरेखन करता येतं, एवढ्यासाठी वरचे पैसे घालवू नका.

"कॉमिक्स वाचायचे, म्हणजे रंगीतच हवं"

इथे आधी विचारायचं, कोणते कॉमिक्स? जपानी मांगा बहुतांशी काळीपांढरीच छापली जाते. मांगाच्या वाचकाला रंग हा निव्वळ भुर्दंड आहे. अमेरिकी सुपरहिरो, टिनटिन किंवा अमर चित्र कथा वाचायची असेल तर रंग हवाच, पण त्याहून आधी आकार हवा. अमेरिकी कॉमिकचं पान साधारण २६ सेंटिमीटर उंच असतं आणि सात इंची पडद्याची उंची १४. म्हणजे अख्खं पान बसवलं की ते ५५ टक्क्यांवर येतं आणि फुग्यांतली अक्षरं मुंग्यांएवढी होतात. बोटांनी चित्र मोठं करत वाचता येतं, पण ई-इंकवर ते सरकवणं रखडत चालतं आणि चार पानांत कंटाळा येतो. १०.३ इंची पडद्यावर हेच पान ८० टक्क्यांवर बसतं. तेव्हा रंगीत चित्रकथांसाठी घेताय, तर मोठं घ्या. लहान आकारात रंगाचे पैसे फुकट जातात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकारात जमणार नाही. 'आवाज'च्या दिवाळी अंकातलं खिडकीचित्र! पान उलटल्यावर आत भलतंच निघण्याची ती गंमत कागदाच्या कापलेल्या चौकटीत आहे.

"पान बदलताना लुकलुकतं, आधीच्या पानाचं भूत दिसतं, पीस खराब आलाय"

नाही. कणांना आपली जागा सोडायला वेळ लागतो, आणि मागे राहिलेल्यांना हलवायला पडदा पूर्ण पुसून घ्यावा लागतो. रंगीत पानांवर हे जास्त वेळा होतं. जाळीशिवाय, प्रत्यक्ष रंगीत कण वापरणारं गॅलरी ३ नावाचं तंत्रही आहे. त्यात रंग अधिक भरतात, पण कंपनीच्याच आकड्यांनुसार सर्वोत्तम रंगाला दीड सेकंद लागतो. २०२४ मध्ये आलेल्या रिमार्केबल पेपर प्रोचा पडदा याच जातीचा आहे, पण ते मुख्यतः हाताने टिपणं काढण्याचं यंत्र आहे.

"यात निळा प्रकाश नसतो, डोळे वाचतात"

फ्रंटलाइट एलईडीचीच असते, तेव्हा निळा प्रकाशही असतो. आणि पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची अकादमीच सांगते. डोळे शिणतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात म्हणून. मला ई-इंकवर वाचताना बरं वाटतं, पण त्याचं श्रेय मी मध्येच न टपकणाऱ्या व्हॉट्सअॅपला देतो.

राहिला मराठीचा प्रश्न. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं २०१६ पासून आहेत. पण काही विक्रेत्यांची ई-पुस्तकं त्यांच्याच अॅपमध्ये उघडतात. तुमची खरेदी तिथली असेल तर अँड्रॉइडवर चालणारा रीडर लागेल. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफमध्ये अक्षर मोठं करण्याची सोय नसते, त्यांनाही मोठाच पडदा हवा.

ऑर्डर देण्याआधी एक करा. घरातलं आवडतं कॉमिक घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा आणि एका पानाची ५५ टक्क्यांवर प्रत काढून मागा. रात्री अंथरुणात पडून तिच्यातले फुगे वाचता आले, तर सात इंची खुशाल घ्या.