पहिल्या कळांचे तास : घाई नको, दुर्लक्षही नको

गेल्या पावसाळ्यात आपल्या वसाहतीतील एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रात्री अकराच्या सुमारास तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. घरच्यांनी लगेच रिक्षा केली, प्रसूतिगृह गाठले. तपासणी झाली आणि "अजून एकच बोट उघडले आहे, घरी जा, सकाळी या" असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. सकाळी पुन्हा गेले. तेव्हा दोन बोटे. पुन्हा तेच उत्तर, आणि वर "एवढ्याला काय रडतेस?" हे बोलणे. दुपारपर्यंत घरात नातेवाईकांची गर्दी झाली. कोणी म्हणाले मुलगी अडली, कोणी म्हणाले खासगीत नेऊन पोट फाडून घ्या. एका भल्या माणसाने तर कळा वाढवण्याचे इंजेक्शन देणाऱ्या एका डॉक्टरला घरीच बोलावण्याचे ठरवले, आणि मुलीचा भाऊ मोटारसायकल काढून निघालाही. आमच्यातील एक ताई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी त्याला गल्लीच्या तोंडावर अडवले. त्याच रात्री उशिरा, कळा सुरू झाल्यापासून सव्वीस तासांनी, मुलगी रुग्णालयात सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली, वजनही चांगले.

या प्रसंगानंतर महिला शाखेच्या बैठकीत हाच विषय निघाला आणि स्मरणिकेत त्यावर लिहावे असे ठरले. नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलींनाही त्याचा उपयोग व्हावा म्हणून थोडी शास्त्रीय माहिती देत आहोत.

बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की गर्भपिशवीचे तोंड उघडू लागते. पूर्ण उघडले म्हणजे ते सुमारे दहा सेंटिमीटर होते. पण हे उघडणे पहिल्यापासून सारख्या वेगाने होत नाही. नऊ महिने घट्ट मिटून राहिलेले, नाकाच्या शेंड्यासारखे टणक असलेले ते तोंड आधी मऊ व्हावे लागते, मग आखडून पातळ व्हावे लागते, आणि त्यानंतरच ते भराभर उघडते. पहिलटकरणीमध्ये या मऊ होण्यालाच खूप वेळ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एवढ्या कळा आल्या आणि काहीच झाले नाही. प्रत्यक्षात काम चाललेले असते, फक्त ते बोटांनी मोजता येत नाही. या पहिल्या टप्प्याला वैद्यकशास्त्रात सुप्त अवस्था म्हणतात. या काळातील कळा अनियमित असतात. कधी दहा मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी, कधी दोन तास जोरात येऊन मग चक्क थांबतात. अंगावरून रक्ताचे धागे असलेला चिकट स्राव जातो. कंबर भरून येते. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर कंबरेतील कळ फार त्रासदायक असते आणि हा टप्पाही लांबतो.

किती लांबणे म्हणजे जास्त? अमेरिकेतील डॉ. एमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात शेकडो स्त्रियांच्या प्रसूतीचे आलेख काढले. पहिलटकरणीत वीस तास आणि नंतरच्या बाळंतपणात चौदा तास ही या टप्प्याची मर्यादा त्यांनी घातली, आणि पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत तीच शिकवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१८ च्या मार्गदर्शनात सांगितले की या टप्प्याला ठरावीक तासांचे माप नाही, तो बाईगणिक बराच कमीजास्त असतो. पाच सेंटिमीटरपर्यंत गती संथ असू शकते, आणि आई व बाळ दोघेही ठीक असतील तर त्याआधी केवळ वेग वाढवण्यासाठी औषध देऊ नये किंवा शस्त्रक्रिया करू नये, असेही त्यात आहे. पूर्वी तीन-चार सेंटिमीटरलाच प्रसूती वेगात आली असे धरत आणि तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब प्रत्येकीला लावत. विद्यार्थिनींनी हा बदल नीट लक्षात ठेवावा, कारण जुन्या हिशेबाने चांगली चाललेली प्रसूतीही "लांबलेली" ठरते.

परंतु याचा अर्थ बाईला दारातून परत पाठवावे असा नव्हे. लवकर आलेल्या बाईला घरी घालवावे असा सरसकट नियम या मार्गदर्शनात कोठेही नाही. ज्यांचे घर दोन मैलांवर आहे, घरात पंखा आहे, पाणी आहे, हाताशी माणूस आहे, त्यांना घरी थांबणे परवडते. ज्यांना नदी ओलांडून किंवा शेवटच्या बसने यायचे आहे, त्यांनी पहिल्या कळेलाच निघावे आणि रुग्णालयाच्या आवारात थांबू द्यावे म्हणून आग्रह धरावा. तो आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आता घरी थांबायचे ठरले तर काय करावे? पहिली गोष्ट झोपेची. रात्री कळा सुरू झाल्या म्हणून सगळे घर दिवे लावून बसते आणि बाईलाही बसवून ठेवते. हे चुकीचे आहे. खरे कष्ट पुढे आहेत, त्यासाठी ताकद राखली पाहिजे. दिवा मालवावा, डाव्या कुशीवर निजवावे, दोन कळांच्या मध्ये डुलकी लागली तरी ती मोलाची. दिवसा असेल तर थोडे चालावे, थोडे टेकावे, पुन्हा चालावे. चालून चालून दमवणे मात्र नको. आमच्याकडे काही सासवा सुनेला जिने चढायला-उतरायला लावतात, फरशी पुसायला लावतात. त्याने तोंड उघडत नाही, बाई थकते.

दुसरी गोष्ट खाण्याची. उपाशी ठेवण्याची चाल सोडून द्यावी. घरी असताना भाताची पेज, मऊ खिचडी, लिंबाचे सरबत, ताक, चहाबरोबर बिस्किट, असे हलके थोडे थोडे द्यावे. तळलेले, तिखट नको, उलटी होते. दर दोन तासांनी लघवीला पाठवावे, कारण भरलेले मूत्राशय बाळाच्या डोक्याला आडवे येते. एरंडेल पाजू नये. जुलाब होऊन बाई गळून जाते आणि हाती काही लागत नाही.

कंबरेतील कळ असेल तर एकीने तळहाताने माकडहाडाच्या वर घट्ट दाबून धरावे. हा साधा उपाय आम्ही अनेकींवर केला आहे आणि "हात काढू नका" हेच शब्द प्रत्येकीच्या तोंडून ऐकले आहेत. गरम पाण्याने आंघोळ करावी, किंवा कापडात गुंडाळलेल्या गरम पिशवीने शेकावे. हातागुडघ्यांवर ओणवे राहिल्यानेही बरे वाटते. उताणे पडून राहणे सर्वांत वाईट. आपल्या परंपरेत महामायेने लुंबिनीच्या वनात शालवृक्षाची फांदी धरून उभ्यानेच तथागतांना जन्म दिला असे सांगितले आहे, आणि प्राचीन शिल्पांतही ती तशीच उभी कोरलेली दिसते. त्या काळच्या स्त्रियांना उभे राहून, काहीतरी धरून कळ सोसण्याची रीत ठाऊक असली पाहिजे, एवढे तरी यावरून म्हणता येते.

भीतीचाही या कामाशी संबंध आहे. घाबरलेल्या माणसाच्या शरीरात अॅड्रिनॅलिन वाढते आणि ते गर्भपिशवीच्या आकुंचनाला आवर घालते. म्हणून ज्या घरात रडारड आणि कुजबुज चालते, तेथे कळा मंदावतात. ज्या भगिनी विपश्यनेला किंवा आनापानाला बसतात, त्यांना श्वासाकडे लक्ष ठेवण्याची सवय असते. कळ चढताना श्वास रोखायचा नाही, लांब सोडायचा, कळ उतरली की अंग सैल टाकायचे. ही सवय सातव्या-आठव्या महिन्यापासूनच लावावी, ऐन वेळी शिकवून उपयोग नाही.

उदान ग्रंथात कोलिय कुळातील सुप्पवासा हिची कथा आहे. सात वर्षे गर्भ वाहिला आणि सात दिवस ती अडून राहिली, असे त्यात म्हटले आहे. बुद्ध, धम्म आणि संघ यांचे स्मरण करीत तिने त्या वेदना सोसल्या. सात वर्षांचा गर्भ ही गोष्ट आपण शब्दशः घेत नाही आणि घेऊही नये. पण लांबलेल्या वेदनांची दखल इतक्या जुन्या ग्रंथाने घेतली, ती सोसणाऱ्या बाईचे मन कशाच्या आधाराने टिकले हे लिहून ठेवले, याचे आम्हाला मोल वाटते. अंगुलिमालाने श्रावस्तीत अडलेल्या बाईला पाहिले आणि त्याचे मन कळवळले, ही कथाही आपणास माहीत आहे. श्रीलंकेत त्या नावाचे परित्त गरोदर स्त्रियांसाठी म्हणतात. घरात कोणी शांतपणे परित्तपाठ केला तर बाईला धीर येतो, आमची हरकत नाही. मात्र पाठ संपेपर्यंत गाडी थांबवून ठेवणे, अंगारा लावणे, भगताकडून दोरा आणणे हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात शोभत नाही. कुलपे आणि गाठी सोडल्याने पिशवीचे तोंड उघडते ही समजूतही अजून काही घरांत आहे. वेण्या सोडा हवे तर, पण त्यापायी वेळ घालवू नका.

त्या इंजेक्शनविषयी थोडे सविस्तर. कळा वाढवणारे औषध ऑक्सिटोसिन. रुग्णालयात ते सलाइनमधून थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके मोजत, शस्त्रक्रियेची सोय हाताशी ठेवून देतात. आणि बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवण्यासाठी तेच औषध देतात, तेव्हा ते जीव वाचवते. पण घरी, बाळ पोटात असताना, दंडात किंवा कमरेत एकदम टोचले तर कळा एकीवर एक येतात, मध्ये विसावा राहत नाही, बाळाचा प्राणवायू तुटतो. पिशवी फाटून आई दगावण्याचा धोका असतो, आधी सिझेरियन झालेल्या बाईला तर विशेषच. एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही. म्हणून आमच्या ताईंनी त्या मुलाला गल्लीत अडवले.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका भगिनीच्या कळा मंद होत्या आणि आम्हीच तिला "अजून वेळ आहे, नीज" म्हणत होतो. पहाटे तिचे पाणी गेले. ते हिरवट होते. दिव्याच्या पिवळ्या उजेडात आम्ही ते नीट पाहिले नाही आणि उजाडल्यावर निघू म्हणालो. बाळाने पोटातच शी केली होती. शस्त्रक्रिया झाली, बाळ वाचले, पण बरेच दिवस त्याला नवजात कक्षात ठेवावे लागले. धीर धरा असे सांगणाऱ्याने कधी धीर धरायचा नाही हेही ठाऊक करून घेतले पाहिजे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पाणी गेले, मग ते स्वच्छ असो की हिरवट, तर तत्काळ निघावे. चिकट स्राव वेगळा आणि पाळीसारखे लाल रक्त वेगळे. रक्त गेल्यास क्षणभरही थांबू नये. बाळाची हालचाल कमी वाटली, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, किंवा पोट दगडासारखे कडक होऊन कळ उतरतच नसेल, तर हा सुप्त टप्पा आहे की नाही याची चर्चा करू नये. नववा महिना लागून आठवडा-दोन आठवडेही झालेले नाहीत, जुळे आहे, बाळ आडवे किंवा पायाळू आहे, रक्तदाब वाढलेला आहे, आधीचे सिझेरियन आहे, अशा बाईने पहिल्या कळेलाच रुग्णालयात जावे. बाकीच्यांनी कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ जवळपास मिनिटभर, असे तासभर चालले की निघावे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला याहूनही आधी, कारण तेव्हा शेवट फार झपाट्याने होतो.

खर्चाच्या भीतीने घरी थांबू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सर्व त्याखाली मोफत आहे. १०२ किंवा १०८ ला फोन करावा. प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली आहे. कोणी बाहेर काढले तर नम्रपणे पण ठामपणे हे सांगावे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. आज नोंदणीकृत नोकरीतील बाईला सव्वीस आठवड्यांची रजा मिळते, पण आपल्या वसाहतीतील ज्या बहिणी चार घरची धुणीभांडी करतात त्यांना एक दिवसही मिळत नाही. नवव्या महिन्यात बादल्या उचलून थकलेली बाई कळा सुरू होण्याआधीच दमलेली असते. मग तिच्या कळा मंद का, म्हणून तिलाच दोष देतात.

यंदा महिला शाखेने एवढेच केले आहे. वसाहतीतील प्रत्येक गरोदर भगिनीच्या आठव्या महिन्यात दोघींची नावे ठरवायची, एक रात्री सोबत बसणारी आणि एक गाडीबरोबर जाणारी. दोघींपैकी एकीला तरी स्वतःचे बाळंतपण झालेले असावे. आशाताईंचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहिला आहे. फळ्याशेजारी एक विजेरीही खिळ्याला टांगून ठेवली आहे. पाणी गेले तर ते त्या पांढऱ्या उजेडात पाहावे, आणि विजेरी परत आणून ठेवावी.